घरासमोरची मंडई

मंडईचा मला वैताग आला होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी काय केलं ते वाचताना कोणाला नवल वाटायला नको.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे दिवाळी चार दिवसांत आटोपत नाही. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी गावात दुकानं लागतात, दंडार नावाचं सोंगांचं लोकनाट्य होतं, नाचगाणी होतात, आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या घराघरांत पाहुणे येतात. बोलावणं वगैरे नसतं. उलट बोलावलं तर माणसं नाराज होतात, आम्ही काय परके आहोत म्हणून. नवऱ्याचे मामा, मामांचे व्याही, व्याह्यांचे शेजारी, कोणीही 'मंडई पाहाले आलो' म्हणत उंबरा ओलांडतं आणि जेवून जातं. आमचं गाव कामठ्याच्या पुढे, अगदी रस्त्याला लागून, म्हणजे यायला सोयीचं. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला मी जेवणारी माणसं मोजली होती, सव्वीस झाली. पुढच्या वर्षापासून मोजणं सोडून दिलं.

माझं माहेर गोंदिया शहरातलं. तिथे मंडई म्हणजे कोणाच्या तरी गावाला जाऊन पाहायची मजा. लग्न झालं आणि मंडई घरासमोरच आली, पण पाहायची मात्र राहून गेली. बावीस वर्षं. सकाळी सहाला कढई चढवायची, दिवेलागणीला उतरवायची. बाहेर ढोल वाजायचे आणि आत मी वडे तळायची. शाळेत मी पोरांना 'आमच्या गावची मंडई' असा निबंध दरवर्षी लिहायला देते. तो मला स्वतःला लिहिता आला नसता.

म्हणून यंदा मी ठरवलं की मंडईच्या दिवशी आपण गावात नसायचंच. सासूबाईंची कधीपासूनची इच्छा होती, एकदा पुरीला जाऊन जगन्नाथाचं दर्शन घ्यावं. मी ती इच्छा उचलून धरली. त्यांची भक्ती आणि माझी सुटका एकाच तिकिटावर जमली. नवऱ्याने तारीख पाहून विचारलं, "मंडईच्याच दिवशी?" मी म्हटलं, "माझ्या सुट्ट्या तेवढ्याच आहेत." तो गप्प बसला. कुठे गप्प बसायचं ते त्याला चांगलं कळतं, आणि आमचा संसार बराचसा त्यावरच चालला आहे.

मग मी एकेकाला फोन करून सांगत सुटले. यंदा आम्ही मंडईला नाही, पुरीला जातोय. सगळे खूश झाले. आमच्याही नावाने हात जोडा म्हणाले. जड गेला तो एकच फोन, नणंदेचा.

ताई नवऱ्याहून मोठ्या. त्यांना इटियाडोहकडच्या गावात दिलं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, आता मुलगा आणि सून धानाची शेती पाहतात. भाऊबीजेला ताईंना येता येत नाही, कारण त्या दिवशी त्यांच्या घरी त्यांच्या नणंदा येतात. त्यामुळे माहेरी यायचा त्यांचा वर्षाचा एकच दिवस, मंडईचा. आधी कोहमाऱ्याला, तिथून गोंदियाला आणि मग आमच्या गावाला, अशा तीन बसा बदलून यायच्या, एक रात्र राहायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत. मी त्यांना पुरीचं सांगितलं.

"मंग घरी कोणीच नाही?"

"कोणीच नाही, ताई."

"जा बापा. आईले नेऊन राहिली, चांगलं करून राहिली," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण हलकंच वाटलं.

मंडई शनिवारी होती. गुरुवारी दुपारी मोबाइलवर निरोप आला. ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ येत होतं, आमची गाडी रद्द. बॅगा दारात भरून ठेवलेल्या. सासूबाई आपल्या पिशवीजवळ थोडा वेळ बसून राहिल्या. त्यांनी नवं लुगडंही घडी करून घेतलं होतं. मग उठल्या, पिशवी मोकळी करायला लागल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे:

"पोरीले फोन कर. आपण घरीच आहो म्हणा."

मी हो म्हटलं. आणि केला नाही.

कारण साधं होतं. ताईंना सांगितलं की त्यांच्या मुलाला कळणार, त्याच्याकडून मामांना, मामांकडून व्याह्यांना. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी मंडईला कोणी येणार नव्हतं आणि तरी मी घरात असणार होते. असा योग पैसे टाकून मिळत नाही. संध्याकाळी करू फोन, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळ झाली तशी म्हटलं, सकाळी करू.

शुक्रवार इतका छान गेला की काय सांगू. कितीतरी वर्षांनी सात वाजेपर्यंत झोपले. अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायले, आणि तो गरम असतानाच संपवला. गावाबाहेर लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी झालेली, वाऱ्याबरोबर ओल्या तणसाचा वास येत होता. समोरच्या मैदानात दुकानांचे बांबू उभे राहत होते. कुठला पाळणा कुठे लावायचा यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती, एक मराठीत भांडत होता आणि दुसरा हिंदीत. मी निवांत बसून पाहिलं. दुपारी नवऱ्याने स्वतःहून खिचडी टाकली. मीठ जास्त झालं, पण मी एका शब्दाने बोलले नाही. पुरीला गेलो असतो तर धर्मशाळा, रांगा, पंडे, सामान. घरी राहण्यासारखं सुख नाही, असं मी दोनदा मोठ्याने म्हटलं.

संध्याकाळी वाती करताना सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणली पोरगी?"

आणि मी सांगितलं, "त्यांना जमत नाही म्हणाल्या. धानाची कापणी सुरू आहे."

खोटं बोलायचं तर नुसतं 'जमत नाही' पुरे होतं. मी कापणीही जोडून दिली. वर्गात पोरं गृहपाठ न करता आली की कारणं अशीच तपशिलाने सांगतात, आणि मी ती तिथल्या तिथे ओळखते.

"कापनी तं दरसालच राहते," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातच्या वाती नेहमीपेक्षा जाड होत गेल्या. मला लागलं. पण आता सुधारायचं तर आधी खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं, आणि ती हिंमत माझ्यात नव्हती. तरी झोप लागली, तेही सांगते.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर मोठ्या गंजात बरबटी, म्हणजे चवळी, भिजलेली. नेहमीइतकीच, म्हणजे वीस-पंचवीस माणसांच्या वड्यांची.

"आई, कोणी येणार नाही यंदा."

"मंडई हाये," त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं होतं.

आम्ही दोघींनी मिळून वाटलं, तळलं. घाई नव्हती. कढईतून काढलेला पहिला वडा मी तिथेच उभी राहून खाल्ला, बोटं भाजली. मंडईच्या वड्याची चव मला तोवर ठाऊक होती ती संध्याकाळच्या, गार झालेल्या वड्याची. नवऱ्याने बारा खाल्ले आणि ओसरीवर आडवा झाला. अर्धं पीठ तसंच शिल्लक होतं. घर शांत, भांडी घासलेली, घड्याळात दोन वाजलेले. बाहेर ढोल सुरू झाला. मला एकदम काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "आई, चला. मंडई पाहून येऊ."

त्या हसल्या. "मी? पन्नास वर्सं होऊन राहिले या गावात. मंडई कशी राहते, मले माहीत नाही."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी बावीस वर्षांचं रडगाणं गात होते, आणि माझ्या शेजारी बसून वडे थापणाऱ्या बाईची पन्नास वर्षं झाली होती. मी त्यांना पुरीसाठी काढलेलं लुगडं नेसायला लावलं. त्या नाही नाही म्हणत नेसल्या. मग आरशात पाहून पदर नीट केला.

मंडई मला आवडली. एवढ्या वर्षांचा राग होता म्हणून कमी आवडेल असं वाटलं होतं, पण नाही. मोरपिसं लावलेल्या उंच काठ्या घेऊन गुरं राखणारे गोवारी नाचत होते. दंडारीत बाईचं सोंग घेतलेला एक गडी असा काही लाजत होता की सासूबाई तोंडाला पदर लावून खुदखुदत राहिल्या. जिलेबीवाला, बांगड्यावाली, भांड्यांची दुकानं, उसाच्या मोळ्या. लोक सासूबाईंना पाहून थबकायचे. "आजी, तुमी? मंडईत?" त्या ताठ मानेने म्हणायच्या, "काऊन? मी नाही येऊ?" मी त्यांचा हात धरला होता. त्यांच्यासोबत मी अशी नुसती फिरायला कधी बाहेर पडले होते, ते मला आठवेना. इतकं बरं वाटत होतं की कालचं खोटं मी जवळजवळ विसरले होते.

मैदानाच्या कडेला चिंचेखाली शिंगाडे विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे, झाडाच्या बुंध्याशी, एक बाई एकटीच जेवत होती. गुडघ्यावर डबा, डब्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा. बाजूला कापडी पिशवी. मी आधी पिशवी ओळखली आणि मग माणूस.

ताई होत्या.

माहेरच्या मंडईला येताना बाईने जेवणाचा डबा बांधून आणला होता. कारण मी सांगितलं होतं की घरी कोणी नाही.

सासूबाईंनीही तोवर लेकीला पाहिलं. माझा हात सोडून त्या तरातरा पुढे गेल्या. "आली वं तू? जमत नाही म्हणे तुले! कापनी सुरू हाये म्हणे!"

ताईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही पुरीत असायला हवं होतं आणि नवं लुगडं, धुतलेली साडी अशा थाटात आम्ही त्यांच्यासमोर उभ्या होतो. पुरीचं सगळं मी त्यांना टाळायलाच रचलं, असं त्यांना वाटलं असणार. दुसरं काय वाटणार? एक शब्द बोलल्या असत्या तर मी दोघींच्याही नजरेतून उतरले असते, आणि ते योग्यच झालं असतं. मी खाली पाहत उभी राहिले. माझ्या कानांत नुसता ढोल वाजत होता.

"सुरूच हाये कापनी," ताई शांतपणे म्हणाल्या. "जमवलं मंग."

"आन सिधी घरी काऊन नाही आली?"

"पाय दुखले, तं बसली जराशी. भूकही लागली होती. येतच होतो."

सासूबाईंनी डबा हातातून काढून घेतला आणि झाकण लावलं. "घरी गंजभर पीठ हाये अन् इथं ठेचा खाते येडी," म्हणत त्या पुढे चालू लागल्या. मी पिशवी उचलली. ताईंनी उचलू दिली.

घरी पोचताच ताईंना वडे वाढले, ओसरीवर भावाची आणि त्यांची गाठ पडली, गप्पा झाल्या. सासूबाई थकून आत टेकल्या. मी स्वयंपाकघरात आले तर ताई मागोमाग आल्या. आता जे व्हायचं ते होऊ दे म्हणून मीच तोंड उघडलं.

"ताई, पुरीचं खरं होतं. गाडी गुरुवारी रद्द झाली. आईंनी तेव्हाच तुम्हाला फोन कर म्हटलं होतं. मी केला नाही. आणि त्यांना खोटं सांगितलं."

"कायले?"

पुण्याकडची नणंद असती तर तिने हे दहा वाक्यांत आडून विचारलं असतं. आमच्याकडे एक शब्द पुरतो.

"थकले होते मी," मी म्हटलं आणि मला रडूच आलं. "एक मंडई तरी कोणी येऊ नये असं वाटत होतं."

"मंग तसं सांगा लागते नं. थकली म्हणून. मी का मारतो तुले?" ताईंनी पदराने आपलाच घाम पुसला. "तुयं मले समजते, वैनी. मायाही घरी पाहुणे येतेत. पण एक सांग. बावीस वर्सं झाले, कधी एक बशी तरी धुवू देल्ली का मले? आली की खुर्चीवर बसवते, ताट आणून देते. मी उठली की 'बसा ताई, बसा ताई.' ज्या घरात मी मोठी झाली, तिथं पाहुणीवानी बसून राहतो."

मी म्हटलं, "मला तो मान वाटायचा."

"मान कोणाले पायजे? घर पायजे."

दरवर्षी मी ताट आणून दिलं होतं आणि दरवर्षी मनातल्या मनात त्या ताटाचा हिशेब धरला होता. हे दोन्ही मीच केलं होतं, त्यांनी मागितलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि विचारलं, "पण घरी कोणी नाही माहीत असून आलात कशाला?"

"घर बंद होतं, गाव तं नव्हतं नं बंद." त्या कढईखाली गॅस पेटवत होत्या. "सकाळी उठली, पाय घरात राहेना. म्हटलं, सिंगाडे घेऊ, दंडार पाहू, तीनच्या बसनं वापस जाऊ. इकडं फिरकलीच नाही. बंद घर पाहाले कायले येऊ?"

त्यांनी उरलेलं पीठ पुढे ओढलं, हाताला पाणी लावलं आणि मला म्हणाल्या, "बस तिथं पाटावर. मी तळतो." मी उठायला गेले तर डोळे वटारले. मी बसले. वडा थापायची त्यांची पद्धत हुबेहूब सासूबाईंची होती, अंगठ्याने मध्ये भोक पाडायची. बावीस वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं, कारण मी त्यांच्या हाती पीठच कधी दिलं नव्हतं. आतून सासूबाईंनी आवाज दिला, तशी ताई हळूच म्हणाल्या, "आईले नोको सांगू काही. म्हातारीले कायले तरास." मी अजून सांगितलेलं नाही.

पाच वाजता मामा आलेच. घराची दारं उघडी दिसली म्हणे. त्यांच्यासोबत आणखी चौघं. ताईंनी वाढलं, मी पाणी दिलं, नवऱ्याने ताटं उचलली आणि ती उचलताना आमच्याकडे असं पाहिलं, जणू आपण फार मोठं काही करतोय. आम्ही दोघी हसलो. पीठ संपलं.

रविवार सगळा आमचा होता. मैदानात दुकानांची मोडामोड चालली होती. अंगणात उन्हाला सासूबाई पाटावर बसल्या आणि त्यांच्यापुढे ताई, केस मोकळे सोडून. आई तेल लावत होती. ताईंची पन्नाशी जवळ आलेली, केस अर्ध्याहून जास्त पांढरे, पण डोकं दाबलं की त्या लहान पोरीसारख्या डोळे मिटत होत्या. मी भाजी निवडत पाहत बसले. दोघी हळू आवाजात कोणाकोणाची लग्नं, कोणाची बाळंतपणं बोलत होत्या. मला मध्ये घेत नव्हत्या आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. शुक्रवारचं माझं एकटीचं सुख खरं होतं, ते मी नाकारत नाही. रविवारचं त्याहून मोठं होतं.

दुपारी ताईंना सोडायला मी स्टॉपवर गेले. बस यायला वेळ होता. त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "आई हाये तवापर्यंत येतो मी. मंग पाहू."

रागाने नाही म्हणाल्या. सगळ्याच नणंदा कधीतरी म्हणतात तसं म्हणाल्या. आईनंतर माहेर वहिनीच्या हातात असतं, हे त्यांना माहीत होतं, मलाही. फक्त परवा एक फोन न करून मी ते त्यांना आधीच दाखवून दिलं होतं.

मी पर्स उघडली. जुडग्यातून घराच्या पुढच्या दाराची किल्ली ओढून काढली. ती निघेना, नख तुटलं. ती त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"घराची किल्ली. आम्ही पुरीला असू नाहीतर कुठेही. आई असोत, नसोत. तुम्ही यायचं, उघडायचं, चहा करून प्यायचा."

"येडी झाली काय वं? दिलेल्या पोरीले कोणी किल्ली देते?"

"मी देते."

बस आली. ताईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि चढल्या. कंडक्टरने घंटी मारली तशी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला ओरडून म्हणाल्या,

"मंग कुलूप बदलवू नोको!"